जे उगवलं तेच लिहिलं

बीबी, १६ एप्रिल

अश्वजित,

जय भीम. हे पत्र इंद्रभानच्या दोन लेकरांसाठी आहे, म्हणजे तुझ्यासाठी आणि माझ्यासाठी. आपलं भांडण काहीही असो, एक राग आपल्या दोघांचा सारखा आहे. आपले बाबा न्यूमोनियानं गेले आणि त्यांच्या छातीत कोणता जंतू बसला होता हे कोणीही बघितलं नाही. एक इंजेक्शन लागू पडलं नाही म्हणून दुसरं दिलं, दुसरं लागू पडलं नाही म्हणून तिसरं. माय विचारायची, "सायेब, हे कशाचं हाय?" आणि साहेब म्हणायचे, "बाई, तुम्हाला काय कळतं त्यातलं?" कळत त्यांनाही नव्हतं. फरक एवढाच की आपण ते कबूल करत होतो. त्याच रागातून तू जंतूंचं शास्त्र शिकलास आणि मी माईक हातात घेतला.

तू माझा फोन घेत नाहीस. मेहकरच्या सभेत मी तुझ्या लॅबला दुकान म्हणाले, तेव्हापासून घेत नाहीस. ते वाक्य मी मागे घेणार नाही, आणि आज त्यावर भांडणारही नाही. हे पत्र शकीलच्या काळीपिवळी जीपमधून पाठवतेय, तुझ्या लॅबच्या नमुन्यांच्या डब्याला रबर लावून. डबा तू उघडतोस की तुझी माणसं, ते मला माहीत नाही. पण निदान तो तुझ्या दारात पोचतो.

आता काम. आमच्या शाळेत नववीला अदीबा नावाची मुलगी आहे. ओळखीची आहे. तिला न्यूमोनिया झालाय आणि ती इथे डॉ. अविनाश यांच्या दवाखान्यात दाखल आहे. डॉक्टरांनी या वेळी शहाण्यासारखं काम केलं: औषध सुरू करायच्या आधी छातीतला बेडका डबीत घेतला आणि कल्चरसाठी तुझ्याकडे पाठवला. मग साधं, जुनं, पेनिसिलिनच्या घरातलं इंजेक्शन सुरू केलं. ताप उतरायला लागला. पोरगी उठून बसली, तिनं भाकरी मागितली. एवढ्यात तुझा रिपोर्ट आला. क्लेब्सिएला नावाचा जंतू, साधी औषधं सगळी निकामी, फक्त दोन लागू. त्यातलं एक इथे मिळत नाही. दुसरं अमिकासिन. डॉक्टरांनी उतारा पडत असलेलं औषध बंद केलं आणि अमिकासिन सुरू केलं. कारण रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट. ताप परत चढला.

तुझा रिपोर्ट खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो अदीबाचा नाही, असं म्हणते. का, ते सांगते.

ज्या दिवशी ती डबी गेली त्या दिवशी मीही त्याच गाडीनं मेहकरला येत होते. जयंतीच्या व्याख्यानाचं ठरवायचं होतं. शकीलनं मला पुढे बसवलं. काचेच्या पुढ्यात, सरळ उन्हात, तुझ्या लॅबचं नाव छापलेला प्लॅस्टिकचा डबा होता. माझा गुडघा लागला तर तो म्हणाला, "मॅडम, जरा सांभाळून. डॉक्टरचा माल हाय."

मी म्हटलं, "मग मागे सावलीत ठेवा की."

"मागं बकरी चढते, पोट्टे चढतात. सांडलं तं? अन् लोकाईचे भाकरीचे डबे असतेत तिथं. हे पुढं बरं हाय, नजरेसमोर राह्यते."

काळीपिवळीचा कायदा तुला माहीत आहे. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. आम्ही बीबीच्या स्टँडवर तापत बसलो. मागून एक म्हातारा ओरडला, "काऊन बे शकील, अंडे उबवून राह्यला का गाडीत?"

"दोन सीट भरू द्या काका, मंग विमानावानी नेतो."

"तवरोक माह्यं मढं होते. विमान मढ्यालेच नेते का बे?"

सगळे हसले, मीही हसले. सुलतानपूरला पुन्हा थांबलो, पुन्हा सीट भरल्या. मेहकरात उतरून मी माझं काम आटोपलं, चहा घेतला, परत स्टँडवर आले तर डबा तिथेच, काचेपुढे. मी विचारलं तर शकील म्हणाला, "लॅबचा माणूस संध्याकाळी येते न्यायले. रोजचंच हाय."

त्या डब्यात त्याच्या स्वतःच्या पोरीची डबी होती. अदीबा शकीलची मुलगी आहे.

तू शिकत होतास तेव्हा सुट्टीत घरी येऊन चुलीपुढे मायला समजावायचास. मेंढीचं रक्त घातलेली लाल प्लेट, तिच्यावर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या, आणि ज्या चकतीभोवती जंतू उगवत नाहीत ते औषध लागू. माय म्हणाली होती, "म्हंजे निंबाखाली गवत येत नाई तसं." तू खूश झाला होतास. आणि तूच सांगितलं होतंस की न्यूमोनियाचा खरा जंतू फार नाजूक असतो. दोन तासांत लॅबमध्ये पोचला नाही आणि उन्हात तापला तर मरतो. मग तोंडातले, घशातले दांडगे जंतू त्या डबीत माजतात आणि प्लेटवर तेच उगवतात.

एप्रिल आहे, अश्वजित. त्या काचेपुढे अंडं ठेवलं तर ते शिजेल.

रिपोर्ट पुन्हा तपास. मला नको, डॉ. अविनाशना कळव. माय बरी आहे. तुझं नाव काढत नाही.

समता


बीबी, १८ एप्रिल

अश्वजित,

तू उत्तर दिलं नाहीस, तुझ्या लॅबमधल्या सारिकाकडून फोन करवलास. "ताई, ते म्हणतात रिपोर्ट बरोबर आहे. सॅम्पल कसं आणलं, ही पाठवणाऱ्याची जबाबदारी."

पाठवणारा कोण? शकील का? तुझ्या माणसानं त्याला डबा दिला आणि सांगितलं, रोज मेहकरला जातोच आहेस, तर नेत जा. थर्माकोल दिला का? बर्फाची पिशवी दिली का? वेळेचं कोणी बोललं का? मी त्याला विचारलं. त्याला एवढंच सांगितलं होतं, "सांडू देऊ नको." आणि त्यानं आजवर एक थेंब सांडू दिलेला नाही. जे सांगितलं ते त्यानं पोटच्या पोरीच्या बाबतीतही चोख पाळलं. जे तुला माहीत होतं आणि तू सांगितलं नाहीस, त्याचा गुन्हा तू त्याच्या नावावर टाकतोस?

मोठ्या शब्दांचा मला कंटाळा आलाय, तरी ऐक. आपल्या लोकांना हजार वर्षं हेच ऐकवलं गेलं. विहीर तुम्ही बाटवली, काम तुम्ही बिघडवलं, चूक खालच्याची. तू पुस्तकं शिकून वर गेलास आणि वर जाऊन पहिलं वाक्य तेच बोललास.

काल दवाखान्यात गेले. अदीबाची आई सलीमा तिच्या पायाशी बसली होती. मी नेहमीसारखं म्हटलं, "काय मग, वक्त्या, आज कसं आहे?" ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, जोरात बोला ना. तुमचा आवाज पाण्यातून येऊन राह्यला."

सलीमा म्हणाली, "कालपासून असंच म्हणते. कानात शिट्टी वाजते म्हणते. मी म्हणाली, तापानं होते."

तापानं होत नाही. अमिकासिननं होतं. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते औषध कानाच्या आतल्या नसेला खातं, आणि एकदा खाल्लेली नस परत येत नाही. आणि न्यूमोनियाच्या खऱ्या जंतूवर ते चालतही नाही. म्हणजे छातीतला चोर मोकळा आणि कानाला फाशी.

पहिल्या पत्रात मी 'ओळखीची' असं लिहिलं. ते अर्धंच होतं. अदीबा रोज शाळा सुटल्यावर आपल्या घरी येते. मायच्या शेजारी बसून भाषणं पाठ करते, माय तिला भुईमुगाच्या शेंगा फोडून देते. या जयंतीला विहारासमोर ती बोलणार होती. विषय तिनंच निवडला होता: 'मला ऐकू येतं ते'. तिच्या नानीच्या गोष्टी, जात्याचा आवाज, अजान आणि वंदना एकाच वेळी सुरू होतात तो आमच्या गल्लीतला पहाटेचा क्षण. चौदा तारखेला ती सलाईनवर होती. तिची जागा मी रिकामी ठेवली, दुसऱ्या कोणाला बोलू दिलं नाही.

डॉ. अविनाशना म्हटलं, इंजेक्शन थांबवा. ते वाईट नाहीत, भित्रे आहेत. म्हणाले, "समताताई, लॅबचा रिपोर्ट हातात आहे. मी तो डावलून जुनं औषध दिलं आणि पोरीचं बरंवाईट झालं तर लोक मला सोडतील का? तुमच्या भावानंच लिहून दिलंय ना?"

माझ्या भावानंच. गावात लोक तुझं नाव माझ्यासमोर असं घेतात, अभिमानानं. मीही आजपर्यंत ते तसंच ऐकून घेत आले.

फोन कर त्यांना.

समता


बीबी, १९ एप्रिल

अश्वजित,

तुझ्या लॅबच्या दारात पाय ठेवणार नाही असं मी भर सभेत म्हणाले होते. काल ठेवला. तू हसला नाहीस, त्याबद्दल तुझे आभार मानायचं राहिलं.

आपण काय बोललो ते लिहून ठेवते. उद्या तू म्हणशील की ताई भाषण ठोकून गेली आणि मला बोलूच दिलं नाही.

तू म्हणालास, "ताई, इथं भाषण नको करू. पेशंट बसले हायेत."

मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच करतेय. स्लाइड बघितली होतीस का अदीबाची?"

तू पाण्याचा ग्लास पुढे सरकवलास. मी घेतला नाही.

"बघितली," तू म्हणालास. "मी स्वतः पाह्यली."

"काय दिसलं?"

तू सारिकाकडे पाहिलंस. मग दार लोटून घेतलंस आणि हळू बोललास. "पू होता भरपूर. अन् जोडी-जोडीनं असलेले जंतू."

जोड्या! न्यूमोनियाच्या त्या नाजूक जंतूची खूण. मेलेला जंतू उगवत नाही, पण स्लाइडवर रंग धरतो, दिसतो. म्हणजे तुझ्या डोळ्यांनी खरा गुन्हेगार बघितला होता. आणि प्लेटवर भलताच उगवला तेव्हा तुला कळलं होतं की डबीत काहीतरी घोळ झालाय.

"मग रिपोर्टमध्ये ते का नाही लिहिलंस?"

"स्लाइडवर नाव लिहिलेलं नसते, ताई. उद्या कोणी विचारलं तं मी प्लेट दाखवू शकतो. जे उगवलं ते लिहितो मी."

"आणि जे गाडीत मेलं त्याचं काय?"

मग तुझ्यातला तो लहानपणचा हट्टी अश्वजित बाहेर आला. "तुले काय वाटते, मले मजा येते? त्या रोडवरचे बारा दवाखाने माल पाठवतात. सगळं तसंच येते, उन्हातून. हा एक रिपोर्ट मागं घेतला तं सगळेच घ्यावे लागतील. लॅब बंद करू का?"

हे तू बोललास. खरं कारण हे आहे. शास्त्र नव्हे, पुरावा नव्हे. एक चूक मान्य केली तर तिच्यामागे रांग उभी आहे, तिची भीती.

मी तेव्हा ओरडले. पेशंट आत डोकावले. एक बाई म्हणाली, "भांडण हाय का रिपोर्ट हाय?" आणि तुझा चेहरा उतरला. मी निघून आले. मी हरले म्हणून नाही. मला बाबा आठवले, आणि तुझ्यासमोर मला रडायचं नव्हतं.

मी अनेक सभांमधून सांगत आले की अज्ञान हा आपला शत्रू आहे. काल मला कळलं, ते अर्धवट आहे. बाबांना मारलं ते अज्ञानानं. अदीबाला मारतंय ते ज्ञान. ज्याला माहीत आहे आणि जो प्लेटकडे बोट दाखवून हात वर करतो, त्याच्यावर मी कोणती सभा घेऊ? त्याला कोणत्या शाळेत घालू?

आज सकाळी आम्ही नव्यानं बेडका घेतला. अदीबाला गुळण्या करायला लावल्या, पाठ थोपटली, तिनं छातीतून खोकून काढला. थुंकी नव्हे, बेडका. तूच शिकवलेलं. जेवणाच्या डब्यात बर्फ भरून शकीलचा भाऊ नौमान मोटरसायकलवर तो थेट जालन्याच्या एका लॅबमध्ये घेऊन गेला. निकाल यायला वेळ लागेल. प्लेटवर जंतू माझ्या रागाच्या वेगानं वाढत नाहीत.

मायचं मी खोटं लिहिलं होतं. ती रोज संध्याकाळी शकीलच्या गाडीचा आवाज आला की दारात येते. "डब्यासंग काई आलं का माह्या पोराचं?" असं विचारते. मी नाही म्हणते. ती आत जाते.

समता


मेहकर, २० एप्रिल, दुपार

अश्वजित,

हे पत्र मी तुझ्याच लॅबच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. तू केबिनचं दार लावून बसला आहेस. काचेतून तुझी सावली दिसते. सारिका पाणी देऊन गेली, या वेळी मी प्यायले. हा कागद तीच आत आणून देईल.

ओरडणार नाही. तुझे पेशंट बसले आहेत.

शकील माझ्या शेजारी बसलाय. आज त्यानं गाडी लावली नाही. काल तुझ्या माणसानं संध्याकाळी डबा घेताना त्याला ऐकवलं, "अबे, तू उन्हात ठेवते म्हून लफडं झालं. सायबाच्या अंगावर आलं." मी चार दिवस त्याच्यापासून जे लपवून ठेवलं ते तुझ्या माणसानं एका वाक्यात स्टँडवर चार लोकांसमोर सांगून टाकलं. सकाळी तो माझ्या घरी आला. चप्पल घालायचीही विसरला होता.

"मॅडम, खरं सांगा. माह्या पोरीचं मीच नासवलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"मी तं पुढं ठेवलं. तिचं हाय म्हून हात लावून लावून पाहत होतो, सांडलं तं नाई ना. मागं ठेवलं असतं तं बरं झालं असतं का? सावली होती मागं."

मी त्याला काय सांगू? माय आतून आली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुले कोणी सांगतलंच नाई, बापू. तू काय करशीन?" जे तू म्हणायला हवं होतंस ते तुझी माय म्हणाली.

आता तो इथे बसलाय आणि तुझ्या दारावरची पाटी वाचतोय. तुझं नाव, तुझी पदवी. राग नाही त्याच्या तोंडावर. त्याला अजून वाटतं की मोठा माणूस बाहेर येईल आणि काहीतरी करेल.

जालन्याहून सकाळी फोन आला. स्लाइडवर पुन्हा जोड्याच दिसल्या. पू, आणि जोड्या. उगवलेलं उद्या कळेल, चकत्यांचा निकाल त्याच्या पुढे. मी तशीच डॉ. अविनाशकडे धावले. ते अदीबाच्या कानाशी टिचक्या वाजवून बघत होते. उजव्या बाजूला तिनं मान वळवली नाही. डाव्या बाजूला वळवली, उशिरा. त्यांचा हात तिथेच थांबला. ते म्हणाले, "ताई, मलाही दिसतंय. पण जालन्याचा कागद यायचाय. तोवर माझ्या हातात एकच कागद आहे, तुमच्या भावाचा. ज्याचा कागद त्यानं फोनवर मला 'चुकला' म्हणावं, मी उभ्या उभ्या औषध बदलतो. पुढचं इंजेक्शन संध्याकाळी पाचला आहे. त्याच्या आत."

भित्रा माणूस आहे, पण त्यानं एक दार उघडं ठेवलंय. ते तुझ्या हातात आहे.

सलीमा तिच्याशी खुणांनी बोलायला लागलीय, हे तुला सांगायचं नव्हतं. सांगून टाकते. पाणी हवं का, अंगठा तोंडाशी. दुखतं का, हात छातीवर. घरच्या घरी आईनं बनवलेल्या खुणा. आणि अदीबा तिला म्हणते, "अम्मी, बोल ना तू. थोडं थोडं येतं ऐकू." थोडं थोडं जे उरलंय, ते आज पाच वाजेपर्यंतचं आहे.

तुझी भीती मला ठाऊक आहे. एक रिपोर्ट मागे घेतला तर त्या रस्त्यावरचे सगळे घ्यावे लागतील. घ्यावे लागतीलच. त्यावर मी तुझ्याशी लढेन. सभेत लढेन, या बाकावर बसून लढेन, डब्यात बर्फ आणि गाडीला वेळ येईपर्यंत लढेन. पण ती लढाई उद्याची. आयुष्यभर मी सगळ्यांसाठी मागत आले, आणि आज माझ्या रागाला दोरी बांधून मी तुझ्याकडे एकाच मुलीसाठी मागतेय.

तू ती स्लाइड स्वतः बघितली आहेस. तुला आणखी कोणताही पुरावा नको आहे. जे उगवलं ते तू लिहिलंस, आता जे दिसलं ते बोल. दार उघडायचं नसेल तर नको उघडू, माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघू. डॉ. अविनाशचा नंबर या कागदाच्या मागे लिहिलाय.

फोन उचल, आणि त्यांना सांग: अदीबा शकीलचा रिपोर्ट चुकला, मी तो मागे घेतो, अमिकासिन बंद करा.

ताई